हीटरचा दर ठरविताना हवेचाही हिशेब करा

कोकणातील अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी जे तेथे कारखाना, गोदाम किंवा गॅरेज चालवितात, त्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. थंडीत अशा जागा गरम ठेवण्यासाठी गॅसवर चालणारे गरम हवेचे हीटर बसवितात. दर मागविताना मालक बहुधा यंत्राचीच किंमत पाहतो. आमच्या मते काटकसर कुठेही करावी, पण हवेच्या वाटेत व धुराड्यात करू नये.

एक घनफूट नैसर्गिक वायू पुरता जळण्यास सुमारे १० घनफूट हवा लागते. ऊब टिकावी म्हणून झरोके बुजविले की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा मागाहून बसविला, तर धुराड्यातून बाहेर जाणारा धूर उलट आत ओढला जाऊ शकतो.

ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९ पासून गॅसचे काम करणाऱ्यांची नोंदणी 'गॅस सेफ रजिस्टर'कडे आहे. कारागिराच्या कार्डाची मागची बाजू अवश्य पाहावी. कोणत्या कामाची पात्रता आहे, ते तेथे लिहिलेले असते. घरगुती बॉयलरची पात्रता असणारा गोदामाच्या हीटरला चालत नाही.

झरोका, भिंत वा पंखा बदलला की हीटर पुन्हा तपासून घ्यावा. कामगार ज्या हवेत दिवसभर श्वास घेतो, तिची जबाबदारी मालकावरच आहे.