डावीकडची सीट

आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एकदा मी सहज विचारलं, "लायसन्स कोणाकोणाकडे आहे?" अठरा जणींपैकी अकरा हात वर झाले. मला कौतुक वाटलं. मग विचारलं, "आणि गाडी कोण कोण चालवतं?" तीनच हात उरले, त्यातला एक माझा. बाकीच्या आठ जणींची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा-वीस दिवस शिकल्या, परीक्षा पास झाल्या, नवऱ्याला नाहीतर मुलाला शेजारी बसवून घरची गाडी काढली आणि तिसऱ्या दिवशी "नको गं बाई ती कटकट" म्हणून किल्ली परत खुंटीला अडकवली.

माझंही तेच झालं होतं. चौतिसाव्या वर्षी लायसन्स काढलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही ब्रेक असतो, त्यामुळे तिथे आपण शूर असतो. घरच्या गाडीत आमचे हे शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय फूटमॅट फाडेल इतका दाबला जायचा आणि तोंडाने "अगं, रिक्षा बघ! अगं, मागे बघ! अगं, गिअर!" हे सगळं एका श्वासात. एरवी माणूस शांत. भाजीत मीठ विसरलं तरी मुकाट्याने जेवणारा. पण डावीकडच्या त्या सीटवर बसलं की माणसाचं काय होतं, देव जाणे. नेरूळ स्टेशनजवळ सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली, मागच्या बसवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही, हे म्हणाले, "उतर, मी घेतो." मी उतरले, ती तीन वर्षं पुन्हा त्या बाजूने चढले नाही.

मला परत स्टिअरिंगमागे बसवलं ते एका कार रॅलीने. दचकू नका मैत्रिणींनो. रेस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेले, तीनशेच्या वेगाने सुटलेले परदेशी ड्रायव्हर येतात. पण हौशी लोकांसाठी या खेळाचा एक घरगुती प्रकार आहे, टाइम-स्पीड-डिस्टन्स नावाचा, आणि तो आपल्या रोजच्या गाडीनेच खेळायचा असतो. आयोजक एक रोडबुक देतात. त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र आणि तिथवरचं अंतर. अमुक टप्पा ताशी ३६ किलोमीटरच्या सरासरीने जायचा, पुढचा ३० च्या. वाटेत आधी न सांगितलेल्या जागी तपासनीस घड्याळ घेऊन बसलेले. उशिरा पोचलात तर दंडाचे गुण, आणि लवकर पोचलात तर बहुतेक रॅलींत त्याहून जास्त! ३६ ची सरासरी म्हणजे किलोमीटरला बरोबर १०० सेकंद, ३० ची म्हणजे दोन मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या मोजत पोळ्या लाटणाऱ्या बाईला हा हिशेब काही जड नाही.

मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने (१९१९ पासूनची ही संस्था) मुंबईहून अँबी व्हॅलीपर्यंत खास बायकांची अशी रॅली काही वर्षं भरवली. लवासापर्यंतही बायकांची ड्राइव्ह निघायची. त्यांचं पाहून ठिकठिकाणी छोट्या रॅली सुरू झाल्या. अशाच एका रॅलीत आमच्या सोसायटीतल्या एक ताई उतरायच्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांची नेहमीची जोडीदारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि त्यांनी मला पकडलं. "तुला गाडी चालवायची नाही. शेजारी बसून नुसता रस्ता सांगायचा. बी.ए. झालीयेस, वाचता येतं ना?"

शेजारी बसून रस्ता सांगणारीला नेव्हिगेटर म्हणतात, आणि तिच्याशिवाय रॅलीचं पान हलत नाही. १९८१ साली इटलीतल्या सान रेमो रॅलीत मिशेल मूतों ही फ्रेंच बाई पहिली आली. जागतिक अजिंक्यपदाच्या रॅलीची फेरी जिंकणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव झालं. तिच्या शेजारी वही घेऊन बसलेली फाब्रिझिया पोन्स हीसुद्धा बाईच होती. ती मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

पहिल्या वर्षी मी रस्ता सांगितला, दोनदा चुकवलाही. दुसऱ्या वर्षी ताई म्हणाल्या, "आता तू चालव, मी डावीकडे बसते." रॅलीच्या आधी चार रविवार त्यांनी मला पहाटे खारघरला, सेंट्रल पार्ककडच्या रुंद रस्त्यांवर नेलं. पहिल्या रविवारी अर्धा तास गाडी सुरूच करू दिली नाही. नुसतं बसायला शिकवलं. पाठ टेकून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. लायसन्स काढून तीन वर्षं झाली होती, पण सीट पुढे-मागे कशासाठी होते ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या रविवारी आरशात मागे कोणी नाही हे बघून चाळीसच्या वेगात ब्रेक तळापर्यंत दाबायला लावला. पेडल पायाखाली थरथरलं आणि मी घाबरून पाय उचलला. "ते एबीएस आहे, चाक अडकू नये म्हणून थरथरतं. थरथरू दे. पाय उचलायचा नाही." चार वेळा केलं तेव्हा भीती गेली. विचार करा, आपल्यापैकी कितीजणींनी आपल्या गाडीचा पूर्ण ब्रेक आयुष्यात एकदा तरी दाबून पाहिलाय? आणि गरज पडेल तेव्हा तो पहिल्यांदाच दाबायचा असतो!

वळणाचंही तसंच. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारायचा आणि नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची. घाटात समोरून एक टेंपो अंगावर आल्यासारखा आला. माझे डोळे त्याच्यावर खिळले आणि हातही तिकडेच वळायला लागले. ताई आवाज न चढवता म्हणाल्या, "टेंपोकडे नको. रस्ता कुठे जातो तिकडे बघ." बाकी सबंध घाटात त्या गप्प होत्या. मला नंतर समजलं की त्यांनाही घाम फुटला होता.

आता मी स्वतः नव्या मुलींच्या, बायकांच्या शेजारी बसते. आमच्या बचत गटातली एक जण शिकायला आली त्याचं कारण ऐकून मी सुन्न झाले. रात्री दोन वाजता नवऱ्याच्या छातीत कळ आली, मुलगा गावी गेलेला. गाडी इमारतीखाली उभी, किल्ली खुंटीला, लायसन्स कपाटात, आणि ही रस्त्यावर उभी राहून रिक्षाला हात करत होती. वीस मिनिटं गेली. नवरा वाचला, पण ती वीस मिनिटं तिच्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तिला मी मुद्दाम रॅलीला नाव घालायला लावलं. "आधी नीट येऊ दे, मग बघू" असं म्हटलं की आपलं ते "मग" कधी येत नाही, हे मी स्वतःवरून जाणते. रॅलीची तारीख ठरलेली असली की रविवारी पहाटे पाहुणे आले, दुधाचं राहिलं, असल्या सबबी चालत नाहीत.

म्हणूनच बायकांच्या रॅलीला कोणी हसलं की मला राग येतो. हसणाऱ्यांचं थोडं खरंही आहे म्हणा. फुगे, फेटे, नऊवारी, गाडीवर घोषणा, उत्कृष्ट सजावटीचं बक्षीस. नऊवारी मीही नेसलेय, हौसेला मोल नाही. पण ज्या रॅलीत मी पुढे उतरले त्यातल्या एका ठिकाणी नव्यांना शिकवणं म्हणजे आदल्या संध्याकाळी तासभर घाईघाईचं, निम्मं इंग्रजी भाषण आणि हातात वेगाचा तक्ता. नव्या जोड्या पहिल्याच चौकात चुकल्या, हिरमुसून वडापाव खाऊन घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा डावीकडे बसल्या. माझं आयोजकांना एवढंच म्हणणं आहे, सजावटीचं बक्षीस ठेवा, पण नाव नोंदवतानाच प्रत्येक नव्या जोडीला एक जुनी जोडी लावून द्या. आधीचे दोन रविवार त्यांनी एकत्र गाडी चालवायची. याला पैसा लागत नाही, फोन नंबरांची एक यादी लागते.

कोणी शेजारी बसून शिकवलं तर बाई कुठवर जाते? आपल्या पुण्याची डायना पुंडोले बघा. दोन मुलांची आई. २०१८ मध्ये जेके टायरने बायकांसाठी घेतलेल्या रेसिंगच्या निवड-प्रशिक्षणातून ती पुढे आली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर एमआरएफच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद तिने मिळवलं. राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये असं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. बातमीत ट्रॉफी दिसते. मला मात्र मधली सहा वर्षं दिसतात.

आणि आमचा पाम बीच मार्ग? वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेने जाणारा, साधारण दहा किलोमीटरचा देखणा रस्ता. रात्री पोरं तिथे शर्यती लावतात. समाजकार्याच्या निमित्ताने मी अशा एका घरात बसून आले आहे. मुलगा मागच्या सीटवर होता, चालवतही नव्हता. त्याच्या आईसमोर बोलायला शब्द नव्हते. नाकाबंदी हवीच, दंडही हवा. पण वेगाची हौस दंडाने जाते असं मला वाटत नाही. तीच पोरं ट्रॅकवर गेली तर आधी हेल्मेट आणि पट्टा तपासून घ्यावा लागतो, झेंडे पाठ करावे लागतात. पिवळा दिसला की पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही. लाल दिसला की शर्यत थांबली. राष्ट्रीय स्पर्धेला फेडरेशनचं वेगळं लायसन्स लागतं. रुग्णवाहिका उभी असते. नव्याला जुना जाणता सांगतो की आज वेळ विसर, आधी ट्रॅक ओळख. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, मग आमच्या आखीवरेखीव शहरात एखादं मोकळं मैदान आठवड्यातून एक सकाळ मिळायला काय हरकत आहे? शिकवायला निवृत्त ड्रायव्हर, रॅलीवाले, आमच्या ताईंसारख्या बायका आहेत. नगरसेवकांना विचारून पाहिलं. "मॅडम, रेस शिकवायची म्हणता?" म्हणून हसले. पुन्हा जाणार आहे.

आमच्या बचत गटातल्या बाईंनी पहिल्या रॅलीत काय केलं, ते राहिलंच. शेवटच्या टप्प्यावर त्या चार मिनिटं लवकर पोचल्या आणि भरपूर दंड खाल्ला. मागून बत्तिसावा नंबर, पण एकदाही रस्ता चुकल्या नाहीत. परवा त्यांचा फोन आला, "ताई, आता माझ्या जावेला शिकवायला घेतलंय. पण शेजारी बसलं की माझा पाय आपोआप ब्रेक दाबायला जातो हो. तुमचा नाही जात?"

"जातो की," मी म्हटलं. "पाय दाबला तर दाबू दे. तोंड तेवढं बंद ठेव."