घरकुल बाईच्या नावे, जागा कुणाच्या?

घरकुलासाठी ग्रामपंचायतीत गेलेल्या बाईला विचारला जाणारा पहिला प्रश्न घराचा नसतो, जागेचा असतो. "जागा आहे का? नमुना आठ कोणाच्या नावाने आहे?" यवतमाळ जिल्ह्यातल्या किती बाया या प्रश्नाला "माझ्या नावाने" असे उत्तर देऊ शकतात? सासऱ्याच्या, दिराच्या, मेलेल्या नवऱ्याच्या, नाहीतर कोणाच्याच नाही, हीच उत्तरे गावोगावच्या बैठकांत मला ऐकू येतात. सरकारी घर बाईच्या नावे व्हावे ही मागणी आपल्या चळवळीने लावून धरली आणि ती बऱ्याच अंशी कागदावर उतरलीही. पण घर ज्या जमिनीवर उभे राहते ती जमीन पुरुषाच्या नावे राहिली, तर ते घर बाईचे होत नाही. घरकुलाच्या लढ्यात यापुढे आपला भर जागेवर असला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी आधी या कारभाराची भाषा आपल्याला नीट कळली पाहिजे, कारण बाई बाहेर पडते ती बहुतेक वेळा एखाद्या शब्दाच्या फटीतून.

गावात सगळ्यालाच "घरकुल" म्हणतात. पण घरकुल एक नाही. केंद्र सरकारची इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली, १९९६ पासून ती स्वतंत्र योजना म्हणून चालली आणि २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. या योजनेने सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ वा दुर्गम भागातील घरासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरवले. राज्याने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारध्यांसाठी पारधी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा योजना आणल्या. २०२३ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास योजना आली. त्याच वर्षी केंद्राने कोलामांसारख्या अतिमागास आदिम जमातींसाठी जनमन अभियान सुरू केले आणि त्यात घराचे २ लाख रुपये ठरले.

कार्यालयेही तितकीच. नाव ठरते ग्रामसभेत, कागद जमा होतात ग्रामसेवकाकडे (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), मंजुरी आणि हप्त्यांसाठी पंचायत समिती, तिच्यावर जिल्हा परिषदेतली जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा. आदिवासी बाईला याशिवाय पांढरकवडा किंवा पुसदच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे दार ठोठवावे लागते. जोते झाले, भिंती आल्या, छत पडले की फोटो काढायचा आणि मग पुढचा हप्ता. रोजमजुरी बुडवून हे सारे करायचे असते.

आता शब्दांकडे येऊ. पहिला शब्द "कुटुंब". कोणतीही योजना व्यक्तीला घर देत नाही, कुटुंबाला देते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणातून प्रधानमंत्री आवासची मूळ यादी निघाली. त्या सर्वेक्षणात स्त्री कुटुंबप्रमुख असणे हा वंचिततेचा एक निकष होता, पण त्याला एक अट होती: घरात १६ ते ५९ वयाचा पुरुष असता कामा नये. म्हणजे विधवेचा मुलगा सोळा वर्षांचा झाला की तिची वंचितता संपली! तो मुलगा शाळेत जातो की कापसाच्या शेतात मजुरी करतो, आईला सांभाळतो की दारू पितो, हे कोणी विचारत नाही. घरात पुरुष आहे, एवढे पुरे.

परित्यक्तेची गोष्ट याहून वाईट. आमच्या ओळखीची एक बाई अकरा वर्षांपासून भावाच्या घरामागे टिनाचे छप्पर टाकून राहते. तिची चूल वेगळी, मजुरी वेगळी, दुखणेखुपणे वेगळे. पण नोंद करणाऱ्याने तिला भावाच्या कुटुंबात धरले. भावाचे घर पक्के, म्हणून ती अपात्र. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्ता परिषद झाली, तेव्हापासून आपण सांगत आहोत की टाकलेली बाई ही कोणाच्या घरची पाहुणी नसून स्वतंत्र नागरिक आहे. जनगणनेची व्याख्याही खरे तर आपल्या बाजूची आहे. जे एकत्र राहतात आणि एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. ज्या बाईची चूल वेगळी, तिचे कुटुंब वेगळे. हे वाक्य आपल्या प्रत्येक कार्यकर्तीने पाठ करून ठेवावे आणि सर्वेक्षणाच्या वेळी ठणकावून सांगावे.

दुसरा शब्द "यादी". गावात "ब यादी" आणि "ड यादी" असे बोलले जाते. "ब" म्हणजे २०११ च्या सर्वेक्षणातून ग्रामसभेने पात्र ठरवलेली कुटुंबे. त्या वेळी जे सुटले, त्यांची नंतर तयार झालेली यादी म्हणजे "ड". २०२४ ते २०२९ या काळासाठी केंद्राने आणखी २ कोटी ग्रामीण घरांना मंजुरी दिली आणि त्यासाठी नवे सर्वेक्षण झाले. यादीला अंतिम मान्यता ग्रामसभेची लागते, आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणे महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. ही सभा पुष्कळ ठिकाणी रजिस्टरमध्येच होते. ती प्रत्यक्षात भरवणे आणि तिथे यादी मोठ्याने वाचायला लावणे हे काम आपले आहे.

तिसरा शब्द "जागा", आणि सारे घोडे इथेच अडते. घरकुल पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर करावे हा नियम इंदिरा आवासपासूनचा आहे. विधवा, अविवाहित व विभक्त बाईचे घर तिच्या एकटीच्या नावे होते. नियम चांगला आहे. पण तो मंजुरीच्या कागदापुरता आहे. जागा सासऱ्याच्या नावे असली तर त्याचे संमतीपत्र जोडले जाते आणि घर उभे राहते. एका गावात असेच झाले. घर सुनेच्या नावे, जागा सासऱ्याची. नवरा गेला, पाठोपाठ सासरा गेला आणि दीर म्हणाला, "घर तुह्यं असन त नेय उचलून, जागा आमची हाये." सरकारने तिला विटा-सिमेंटची मालकीण केले होते, मातीची नाही.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न एकट्या-दुकट्या बाईचा नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत अशा शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के बायांना कसत असलेल्या शेतजमिनीवर हक्क मिळाला नव्हता आणि राहत्या घरावर हक्क मिळालेल्या बाया अवघ्या ३५ टक्के होत्या. पतीच्या मिळकतीत विधवा ही पहिल्या वर्गातील वारस आहे, असे हिंदू वारसा कायदा १९५६ पासून सांगतो. कायदा आहे, पण नोंद नाही, अशी ही स्थिती आहे.

आदिवासी बाईला तर हा कायदाही लागू नाही. अनुसूचित जमातींना तो वगळतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ च्या निकालात आदिवासी बाईला वारसा नाकारण्याची रूढी सिद्ध झालेली नसेल तर तिला समान वाटा मिळाला पाहिजे असे म्हटले. पण झरी-जामणीच्या पोडावरची कोलाम बाई त्यासाठी कोर्टाची पायरी कधी चढणार? तिच्यासाठी जवळचा रस्ता २००६ च्या वनहक्क कायद्याचा आहे. तो वनजमिनीवर शेतीसोबत राहण्यासाठीचा ताबाही मान्य करतो आणि पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे, एकटी असेल तर एकटीच्या नावे द्यायला सांगतो.

ज्यांना जागाच नाही त्या भूमिहीन बायांसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. २०१५ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात ५० हजार रुपये मिळत. पुढे ही मर्यादा १ लाख झाली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ही मदत आहे आणि खरेदीखत लाभार्थीच्या नावे होते. म्हणजे घर आणि जमीन दोन्ही बाईच्या नावे होण्याचा हा सरळ मार्ग, आणि नेमकी हीच योजना बायांना माहीत नसते. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेतही घरासोबत ५ गुंठे जमिनीची तरतूद केलेली होती. तांड्यावरच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या पालांवरच्या आपल्या मैत्रिणींनी ते लक्षात ठेवावे. ई-क्लासच्या जमिनीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जागेवरील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने २०१८ मध्ये घेतला, पण गुरचरणाच्या जमिनी देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर बंधने आली. अशा वस्तीत निदान ताब्याचा पुरावा, म्हणजे कराची पावती आणि विजेचे बिल, बाईच्या नावे असावा.

शहरातल्या बाईसाठी कार्यालय बदलते, तिथे नगर परिषद आणि म्हाडाचे अमरावती मंडळ. शब्दही बदलतात. ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, ३ ते ६ लाख म्हणजे अल्प उत्पन्न गट. २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी आवासच्या दुसऱ्या टप्प्यात विधवा व एकट्या बायांना प्राधान्य सांगितले आहे. पण आपल्याच जागेवर घर बांधायचे तर प्रश्न पुन्हा तोच: जागा कोणाची?

यावर कोणी म्हणेल, बाई बिचारी छपराखाली आली हे काय कमी आहे? आधी घर मिळू द्या, नावाचे मग बघू. हा युक्तिवाद मला मान्य नाही. घर मिळाल्यावर नावाचे कोणी बघत नाही. आणि आता उशीर परवडणारा नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. नमुना आठ ही करआकारणीची नोंद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मिळकत पत्रिकेचे वजन मात्र मोठे आहे. त्या पत्रिकेवर आज फक्त पुरुषाचे नाव चढले तर पुढच्या पिढीतल्या बायांना ते खोडायला कोर्टात जावे लागेल.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांनी काही कामे ठरवून हाती घ्यावीत. राज्याने २००३ मध्येच नमुना आठवर पती-पत्नी दोघांची नावे लावण्याबाबत परिपत्रक काढले आहे. त्याचा आधार घेऊन गावातल्या प्रत्येक घराचा अर्ज द्यावा. घरकुल मंजूर झाले की संमतीपत्रावर थांबू नये, जागेचे बक्षीसपत्र मागावे. राहती मिळकत पत्नीला, मुलीला किंवा मृत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिल्यास २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नवरा गेलेल्या बाईची वारस नोंद तेरवी झाल्याबरोबर गटाने सोबत जाऊन करावी. आणि ज्या बाईला घरातून काढले जाते आहे तिला सांगावे की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग मालकी कोणाचीही असो. घर सासऱ्याचे असले तरी ते सामाईक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

शेवटी एक मागणी जिल्हा परिषदेकडे. दरवर्षी किती घरकुले मंजूर झाली आणि किती पूर्ण झाली याचे आकडे तालुकावार जाहीर होतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा: यांपैकी किती घरांची जागा बाईच्या नावे आहे? सोळाही तालुक्यांतून आपण हा आकडा मागू या. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागू या. तो आकडा लाजिरवाणा असेल याबद्दल मला शंका नाही. पण तो एकदा कागदावर आला की दर वर्षी वाढवायला लावता येईल.