घेतल्याशिवाय सूर लागत नाही? गायक-वादकांची नशा, नशामुक्ती आणि कलेचं खरं गणित

तुळशीचं लग्न लागलं की मराठवाड्यात लगीनसराई सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं नांदूरघाट घ्या नाहीतर आजूबाजूचं कुठलंही गाव घ्या, बँड, बँजो पार्टी, हलगी आणि डीजेवाल्यांच्या तारखा भरायला लागतात. सुपारी ठरते, इसार दिला जातो. आणि बऱ्याचदा पैशाशिवाय अजून एक गोष्ट न बोलता ठरलेली असते, ती म्हणजे वाजवणाऱ्या पोरांची 'सोय'.

या सोयीमागं एक समज आहे. कलाकार माणूस घेतल्याशिवाय रंगात येत नाही. दोन पेग पोटात गेले की सूर मोकळा लागतो, हात सुटतो. सोशल मीडियावर तर अशा किश्श्यांचा पूर आहे. अमुक गायक पिऊन गायचा म्हणूनच एवढा भारी होता, सोडली आणि गाण्यातली मजा गेली, असं लिहिलेली पोस्ट हजारो लोक शेअर करतात.

पण हे खरं आहे का? नशेनं कला वाढते का? आणि नशा सोडल्यावर कलाकाराच्या कलेचं काय होतं? सुरुवात एका जुन्या किश्श्यापासूनच करू.

सैगल यांनी निवडलेला टेक

कुंदनलाल सैगल म्हणजे हिंदी चित्रपटसंगीताचे पहिले सुपरस्टार. दारूशिवाय आपल्याला गाता येत नाही, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. १९४६ साली आलेल्या 'शाहजहान' चित्रपटाची गाणी मुंबईत रेकॉर्ड होत होती. संगीतकार होते नौशाद. नौशाद यांनी पुढं अनेकदा सांगितलेला किस्सा असा, की त्यांनी सैगल यांना एक विनंती केली. एकदा न पिता गाऊन बघा, नंतर पिऊन गा, दोन्ही ऐकू आणि मग ठरवू.

दोन्ही प्रकारे गाणं रेकॉर्ड झालं. सैगल यांना कुठलं कधीचं हे न सांगता दोन्ही ऐकवलं. त्यांनी जो टेक चांगला म्हणून निवडला, तो न पिता गायलेला होता.

लोक हा किस्सा इथंच संपवतात, पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. सैगल यांना उत्तर मिळालं, तेही स्वतःच्या कानांनी. पण तोवर यकृत पार खराब झालं होतं. १८ जानेवारी १९४७ ला जालंधरमध्ये ते गेले. वय होतं फक्त ४२ वर्षं.

मग पिल्यावर चांगलं वाजतं असं का वाटतं?

कारण वाटणं खोटं नसतं. त्यामागचं कारण मात्र वेगळं असतं.

पहिलं कारण भीती. स्टेजवर जाताना छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हाताला घाम येतो. दारू मेंदूचा वेग कमी करते आणि ही भीती दबते. आपण चांगलं गायलो असं जे वाटतं, त्यातला मोठा भाग म्हणजे आपल्याला भीती वाटली नाही, एवढाच असतो.

दुसरं कारण थरथर. रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावतं. मग सकाळी दारू मिळाली नाही की हात कापायला लागतात. हार्मोनियमवर बोटं घसरतात, तबल्यावर थाप नीट पडत नाही. एक क्वार्टर घेतली की हात स्थिर होतो. वादकाला वाटतं, दारूनं हात चालला. प्रत्यक्षात दारूनंच बिघडवलेला हात दारूनं तात्पुरता थांबवलेला असतो. जो कधीच पीत नव्हता, त्याचा हात मुळात कापतच नव्हता.

तिसरं कारण स्मरणाचं. ज्या अवस्थेत गोष्ट शिकली, त्याच अवस्थेत ती जास्त सहज आठवते, असं मानसशास्त्र सांगतं. वर्षानुवर्षं पिऊनच रियाज आणि कार्यक्रम केले असतील, तर शुद्धीत बसल्यावर चाल, जागा, बोल पटकन सापडत नाहीत. माणूस घाबरतो आणि परत बाटलीकडं वळतो. खरं तर त्याला फक्त तेच सगळं शुद्धीत पुन्हा घोटायचं असतं.

चौथी गोष्ट कानाची. नशेत सगळ्यात आधी बिघडतो तो स्वतःला जोखायचा अंदाज. लय घसरते, पण घसरली हे कळत नाही. गांजाचंही तसंच. अमेरिकेतल्या संशोधकांच्या २०२२ सालच्या अभ्यासात दिसलं, की गांजा ओढलेल्यांना स्वतःच्या कल्पना जास्त भारी वाटत होत्या. इतरांनी तपासल्यावर मात्र त्या भारी निघाल्या नाहीत. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात २०१५ साली झालेल्या प्रयोगात तर जास्त डोस घेतलेल्यांना नवीन कल्पना सुचणं उलट कमी झालं होतं.

दुसरी बाजूही बघायला हवी. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात २०१२ साली झालेल्या एका प्रयोगात थोडी दारू घेतलेल्या तरुणांनी शब्दांची कोडी जास्त सोडवली होती. म्हणजे थोडी सैल झालेली बुद्धी कधीकधी आडवाटेला जाऊन उत्तर शोधते. पण एका दुपारी सोडवलेलं कोडं आणि वीस वर्षं टिकवायचा गळा यांत फरक आहे. प्रयोगातली मुलं संध्याकाळी घरी गेली. व्यसनी कलाकार घरी जात नाही, त्याचा डोस वाढत जातो.

चार्ली पार्करची नक्कल आणि कोल्ट्रेनचं १९५७

ही चूक सगळ्यात महागात पडली ती अमेरिकेतल्या जॅझ संगीताला. चार्ली पार्कर हा सॅक्सोफोनचा बादशहा, आणि हेरॉइनचा व्यसनी. तरुण वादकांना वाटलं, त्याच्यासारखं वाजवायचं तर त्याच्यासारखं घ्यायला हवं. एक पिढी त्या नादाला लागली.

पार्करचं काय झालं? जुलै १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला एका रेकॉर्डिंगमध्ये त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. त्या रात्रीच्या गोंधळानंतर त्याला कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात ठेवलं. तिथं काही महिने काढून तो ताजातवाना बाहेर आला आणि १९४७ ला पुन्हा दमदार वाजवू लागला. आधीचं ते रेकॉर्डिंग कंपनीनं बाजारात आणलं, याचा मात्र त्याला शेवटपर्यंत राग होता. नंतर व्यसन परत आलं. १९५५ साली ३४ व्या वर्षी तो गेला.

त्याच्या पाठोपाठ आलेल्या जॉन कोल्ट्रेनची गोष्ट वेगळी आहे. १९५७ साली नशेपायी त्याला माइल्स डेव्हिसनं आपल्या ग्रुपमधून काढलं. कोल्ट्रेननं त्याच वर्षी हेरॉइन सोडलं, थेलोनिअस मंकबरोबर वाजवू लागला आणि तासन्‌तास रियाज करायला लागला. ज्या अल्बमसाठी तो सगळ्यात जास्त ओळखला जातो, तो 'अ लव्ह सुप्रीम' डिसेंबर १९६४ मध्ये रेकॉर्ड झाला. त्या अल्बमच्या कव्हरवर त्यानं स्वतः १९५७ च्या त्या बदलाबद्दल लिहिलंय.

म्हणजे उत्तम काम नशा सोडल्यावर झालं. पण मधे सात वर्षं गेली, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडचं मोठं नाव

लांब कशाला, पुण्यातलंच उदाहरण आहे. पंडित भीमसेन जोशी. दारूनं त्यांनाही गाठलं होतं आणि त्यापायी काही मैफिलींवर परिणाम झाला होता, हे त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी लपवलेलं नाही. त्यांच्या पिण्याचे किस्से आजही चवीनं सांगितले जातात.

पण त्या किश्श्यांत एक गोष्ट गाळली जाते. पुढं पंडितजींनी दारू सोडली. आणि आज घराघरांत त्यांचा जो आवाज पोचलाय, त्यातला बराच भाग ऐंशीच्या दशकातला आणि नंतरचा आहे. अमोल पालेकरांच्या 'अनकही' चित्रपटातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लता मंगेशकर यांच्यासोबत 'राम श्याम गुणगान' आलं, १९८८ ला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' सुरू झालं ते त्यांच्याच आवाजानं. २००८ साली भारतरत्न जाहीर झालं. २४ जानेवारी २०११ ला ते गेले तेव्हा ८९ वर्षं पूर्ण करायला दहा-बारा दिवस उरले होते, बरोबर ४ फेब्रुवारीला त्यांचा वाढदिवस असतो.

सैगल ४२, पार्कर ३४, भीमसेन जोशी ८८. कलाकाराच्या दृष्टीनं हा फरक फक्त आयुष्याचा नाही. जास्त वर्षं म्हणजे जास्त गाणं, आणि शास्त्रीय संगीतात तर गाणं वयानं पिकतं.

आजच्या पोरांना जवळचं उदाहरण हवं असेल तर हनी सिंग आहे. २०१४ नंतर तो काही वर्षं गायबच झाला होता. नंतर त्यानं स्वतः मुलाखतींमधून सांगितलं, की बायपोलर डिसऑर्डर होता आणि दारू-गांजानं तो जास्त बिघडला.

सोडल्यावर कला परत कधी येते?

लगेच नाही. हे आधी सांगितलं नाही म्हणूनच अनेकजण परत पितात.

नशा मेंदूतली आनंदाची यंत्रणा वापरून वापरून बोथट करते. ती सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे, काहींना काही महिने, सगळंच फिकं वाटतं. झोप लागत नाही, चिडचिड होते. आवडतं गाणंही सपाट वाटतं. कलाकाराला वाटतं, आपली कला दारूसोबतच गेली. ती गेलेली नसते, मेंदू सावरत असतो. या काळात नवीन काही रचायचा अट्टहास न धरता साधे पलटे, साधे ठेके घोटणं जास्त कामाचं ठरतं.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची गोष्ट इथं सांगायला हवी. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेली लेखमाला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचली, मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण उभं राहिलं. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते घडवलं. पैसे देणारे पु. ल. स्वतः पेटी वाजवणारे, अवचट बासरी वाजवणारे. नशेशिवाय माणूस सुरात रमतो, याची ही दोन चालतीबोलती उदाहरणं होती.

गावातल्या वादकाची अडचण वेगळी आहे

मोठ्या कलाकाराला दोन महिने कार्यक्रम बंद ठेवता येतात. नांदूरघाटसारख्या गावातल्या बँजोवाल्याचं किंवा हलगीवाल्याचं तसं नसतं. त्याची वर्षाची कमाई लगीनसराईच्या काही महिन्यांत होते, आणि जिथं कमाई तिथंच दारू. उपचार घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच वरातीत कुणीतरी चपटी पुढं करतं. नाही म्हटलं तर 'लय शाना झाला का' असं ऐकावं लागतं. दारू सोडायची म्हणजे याला धंदाच सोडावा लागतो की काय, असा प्रश्न पडतो.

आपल्याकडं यावर एक जुना उपाय आहे, माळ घालणं. बीड जिल्ह्यात वारकरी परंपरा खोल रुजलेली आहे. महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली की दारू-मटण बंद, आणि गावही त्याला आग्रह करत नाही. वादकासाठी यात अजून एक फायदा आहे. मृदंग, टाळ, पेटी, गायन हे सगळं भजनात आणि हरिनाम सप्ताहात आहेच, म्हणजे दारू नसलेली वाजवायची जागा आयती मिळते. कोल्ट्रेनला जे शोधावं लागलं, ते इथं गावाच्या देवळात आहे.

पण इथं एक धोका आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून माळ घालायची तर आधी डॉक्टरला दाखवून, औषधांच्या आधारानं. आंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. फोनवर सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६, हे सरकारी नंबर मोफत आहेत.

आणि प्रश्न आता फक्त दारूचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभमध्ये एमडी बनवणारा कारखानाच पकडला. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या तुळजापुरात एमडीचं प्रकरण उघडकीला आलं. रात्रभर जागं ठेवणारी ही पावडर रात्रभर वाजवणाऱ्या पोरांना काय म्हणून विकली जाईल, हे सांगायला नको.

उपचारांची अवस्थाही बिकट आहे. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ ला आलेल्या पाहणीनुसार देशात जवळपास १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसलातरी उपचार मिळाला होता.

उरलेल्या ३७ जणांत गावोगावचे गायक-वादकही असणार. त्यांच्यासाठी सगळ्यात सोपी गोष्ट सुपारी देणाऱ्याच्याच हातात आहे. ठरलेले पूर्ण पैसे, वेळेवर जेवण, चहा, परतीची गाडी, आणि बाटलीचा विषयच नाही. वरात तरीही तेवढीच नाचेल. हलगी दारूवर वाजत नाही, हातावर वाजते.