बोटं अकराला उघडतात, यंत्र साडेनऊला मिटतं

तीन लेटमार्क झाले की एक रजा कापायची, हा नियम आमच्या ऑफिसात आहे, बहुधा तुमच्याही असेल. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आजारपणानं माझ्या जेवढ्या रजा खाल्ल्या नसतील, तेवढ्या या नियमानं खाल्ल्या.

मी ठाण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे आणि डोंबिवलीहून येते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. म्हातारपणाच्या गुडघेदुखीशी त्याचा संबंध नाही. ऐन तिशी-चाळिशीतही तो गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट प्रमाणात. त्याचा सगळा जोर सकाळी. उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ बोटं आखडलेली असतात. गॅसचा लायटर दाबला जात नाही, ब्लाऊजचे हुक लागत नाहीत, लोकलची दांडी मुठीत मावत नाही. अकराच्या सुमारास हात मोकळे होतात. मग संध्याकाळी सातपर्यंत मी कोणाच्याही बरोबरीनं काम करते. पण हजेरीच्या यंत्राला अंगठा हवा असतो साडेनऊला.

आमचे आधीचे साहेब समजूतदार होते. ‘साडेदहाला या, सातला जा,’ म्हणाले. कामाचे तास तेवढेच राहिले, एकही बिल अडलं नाही. त्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी विचारलं, ‘असं कुठं लिहिलंय?’ कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आमच्या डिस्पॅचमधल्या एका तरुणाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. त्याचं उलटं. बसून राहिलं की कंबर धरते, चाललं की सुटते. तो मधेमधे उठून फेऱ्या मारतो, तर ‘टंगळमंगळ करतो’ असा शेरा मिळतो. मला सल्ले मिळतात: आंबट सोड, निरगुडीच्या पाल्यानं शेक. आणि एखाद्या बऱ्या दिवशी, ‘आज तर छान दिसतेस की!’ हा आजार वरखाली होतो. काल फायलींचा गठ्ठा उचलणारीला आज स्टेपलर दाबता येत नाही. ही ढोंगाची खूण नसून आजाराचीच रीत आहे.

औषधं चांगली आहेत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. अनेकांना दुसऱ्या दिवशी मळमळ आणि थकवा येतो, म्हणून मी शनिवारी रात्री घेते आणि रविवार त्यात घालवते. पण रक्ताच्या तपासण्या नियमित लागतात आणि ओपीडी असते ऑफिसच्या वेळेत. उपचार वेळेवर आणि सलग झाले, तर बरेचदा सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. म्हणजे त्या अर्ध्या दिवसाच्या रजेत कंपनीचाही फायदाच आहे.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. त्यानुसार सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला कामाच्या जागी वाजवी सोय करून द्यायची असते, आणि समान संधी धोरण तर खासगी आस्थापनांनीही जाहीर करायचं असतं. पण एचआरचा पहिला प्रश्न असतो: ‘सर्टिफिकेट किती टक्क्यांचं?’ कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत आमच्या आजाराचं नाव नाही. हालचालीतलं अपंगत्व म्हणून तो मोजला जातो, आणि आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्के लागतात. जिनं नेमानं औषधं घेऊन बोटं सरळ ठेवली, ती त्या आकड्याला पोचणार कशी? बोटं वाकडी होईपर्यंत थांबायचं का?

सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. त्यांना लिहिताना हाताला पेटके येत. ४० टक्के नाहीत म्हणून परीक्षेत लेखनिक नाकारणं न्यायालयानं चूक ठरवलं. गरज असलेल्याला वाजवी सोय मिळण्यासाठी टक्क्यांची ही अट घालता येणार नाही, हे त्या निकालाचं सार. परीक्षेच्या हॉलमध्ये जे न्याय्य, ते ऑफिसात अन्याय्य कसं होईल?

‘मग सगळ्यांनाच सवलत द्यायची का?’ असं विचारलं जातं. मी काम कमी मागत नाही, पगार जास्त मागत नाही. येण्याच्या वेळेत तासाभराची लवचीकता, जड फायली उचलण्याच्या बदल्यात दुसरं काम, दुखणं उसळलेल्या दिवशी घरून काम आणि ओपीडीसाठी अर्धा दिवस, एवढंच. यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

म्हणून मालकांना आणि एचआरवाल्यांना माझं सांगणं आहे. तुमच्याकडे असा कर्मचारी असेल, तर त्याला बोलावून काय लागतं ते विचारा, आणि जे ठरेल ते कागदावर लिहून सही करून द्या. तोंडी दिलेली सवलत साहेबांच्या बदलीबरोबर जाते.