अ‍ॅडजस्ट कोणी करायचं?

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, "जरा अ‍ॅडजस्ट करा." आपण सगळेच थोडे सरकतो. इंग्रजीत चष्मा, घड्याळही अ‍ॅडजस्ट करतात, म्हणजे नीट बसवतात. माणसांच्या बाबतीत आपण त्यालाच जुळवून घेणं, सांभाळून घेणं म्हणतो. पण मुलगी सासरी निघाली की हा शब्द एकट्या तिच्याच वाट्याला येतो. जावयाला कधी कोणी म्हटलंय? वर त्याला सब्र असं नाव देऊन आपण मोकळे. सब्र तर दोघांनीही करायचा. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत, बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं तरी आई-वडिलांनी परस्पर संमतीने, सल्लामसलतीने ठरवावं, असं आलं आहे. आपल्या घरांत मात्र सुनेने नोकरी सोडायची हे तिला सांगितलं जातं, विचारलं जात नाही.