पायी चालणाऱ्यांनी जावे कोठून?

मळवलीस लोकलमधून उतरलेला प्रवासी पुष्कळदा पायीच पुढे निघतो. दक्षिणेस भाजे, लोहगड, विसापूर. उत्तरेस इंद्रायणीपलीकडे कार्ल्याची लेणी आणि एकवीरा. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिल्प पाहावयास येणाऱ्या या मंडळींच्या पायांखाली सलग पदपथ मात्र नाही. पावसाळ्यातील रविवारी अरुंद रस्त्याच्या कडा मोटारींनी व्यापल्या, की माणसांनी वाहनांमधूनच वाट काढावयाची! भाज्याच्या वाटेवर पुलाखालून द्रुतगती मार्ग धावतो. तेथे पादचाऱ्यास मज्जाव आहे, व तो योग्यच आहे. वेगाला स्वतंत्र रस्ता मिळाला. चालणाऱ्याला मिळाला नाही, एवढीच आमची तक्रार.

नियमांची वाण आहे काय? मुळीच नाही. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. पदपथाचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९८-अ कलमान्वये, रस्त्याच्या रचनेची वा देखभालीची मानके न पाळल्याने मृत्यू ओढवल्यास जबाबदार यंत्रणेस वा ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरीही याच मावळ तालुक्यात १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचे प्राण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. तो पर्यटकांनी झुगारला, हा त्यांचा दोष आम्ही झाकीत नाही. परंतु फलक लावला की कर्तव्य संपले, ही सरकारी समजूत त्याहून घातक आहे. जो पूल वापरावयाचा नाही, त्याची वाट प्रत्यक्ष बंद करावयास नको काय? शिवाय सगळेच बळी बेपर्वाईचे नसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आळंदीस निघालेल्या दिंडीत साते गावाजवळ भरधाव वाहन शिरले व स्त्री-वारकरी मृत्युमुखी पडल्या. त्यांनी महामार्गाच्या कडेने जाऊ नये, तर कोठून जावे?

कार्ले फाट्यापासून भाज्यापर्यंत उंच कठड्याचा सलग पदपथ आणि मोटारींसाठी रस्त्याबाहेर तळ, ही कामे येत्या पावसाळ्यापूर्वी हाती घेता येण्याजोगी आहेत. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद व ग्रामपंचायती यांनी रस्त्याचा कोणता तुकडा कोणाकडे, हे आधी जाहीर करावे. आणि फलकच लावावयाचे असतील, तर त्यांवर देखभाल करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद व शेवटच्या तपासणीची तारीख लिहावी.