पाटी विद्यापीठाची, कसोटी वॉर्डातली

फेब्रुवारी सरत आला की ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, नागपूर येथील कित्येक सुशिक्षित घरांत एक यादी तयार होऊ लागते. घरातील मुलगा वा मुलगी एम.बी.बी.एस. झालेली असते. अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना परीक्षेचे टप्पे ओलांडून, मुलाखती देऊन ती मोकळी झालेली असते. उरतो तो पसंतीक्रम. रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, कोणत्या जागेला पहिला क्रमांक द्यायचा आणि कोणत्या जागेला शेवटचा, हे ठरवायचे असते. मुदत संपली की ही यादी बदलता येत नाही. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी 'मॅच'चा निकाल लागतो आणि तो उमेदवार व रुग्णालय दोघांवरही बंधनकारक असतो.

आयुष्याची तीन ते पाच वर्षे ज्या कागदावर ठरतात, त्या कागदावर घरात होणारी चर्चा मात्र बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते. "विद्यापीठाचे आहे ना? मग वर घाल. कम्युनिटी हॉस्पिटल? ते खाली." काका हेच सांगतात, मामा हेच सांगतात आणि भरपूर शुल्क घेऊन मार्गदर्शन करणारे सल्लागारही हेच सांगतात. लग्नाच्या बैठकीत जे नाव सांगताना मान ताठ होते, ते नाव यादीत वर जाते. हा निकष नुसता उथळ नाही, तो घातक आहे.

मुळात हे प्रकार कोणते? पहिला प्रकार विद्यापीठाच्या स्वतःच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाचा. तेथे संशोधन मोठ्या प्रमाणावर चालते आणि हृदयरोग, पचनसंस्था, कर्करोग अशा उपशाखांचे पुढील शिक्षण, ज्याला फेलोशिप म्हणतात, त्याच छताखाली मिळते. दुसरा प्रकार कम्युनिटी म्हणजे सामुदायिक रुग्णालयाचा. शहराच्या वा परगण्याच्या लोकांवर उपचार करणे हे त्याचे मुख्य काम आणि प्रशिक्षण त्या कामातून घडते. तिसरा प्रकार विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सामुदायिक रुग्णालयाचा. या तिन्हींना मान्यता देणारी संस्था एकच, किमान निकष तेच, आठवड्याला सरासरी ८० तासांची कामाची मर्यादा तीच आणि शेवटी द्यावयाची तज्ज्ञतेची परीक्षाही तीच. पाटीवरचे विद्यापीठाचे नाव त्या परीक्षेत एक गुणही वाढवून देत नाही.

परळचा धडा विसरला कोण?

गंमत अशी की, कम्युनिटी हॉस्पिटल म्हटल्यावर नाक मुरडणारा हाच मराठी मध्यमवर्ग 'माझा मुलगा केईएमचा' हे अभिमानाने सांगतो. केईएम म्हणजे काय? मुंबई महानगरपालिकेचे रुग्णालय. १९२६ साली परळच्या गिरणगावात ते आणि त्याला जोडलेले गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की येथे शिकवणारे अध्यापक भारतीयच असतील. जिथे मोठी पदे गोऱ्यांसाठी राखीव असत, त्या काळात घातलेली ही अट होती. या संस्थेचा लौकिक कोणा विद्यापीठाच्या शिक्क्यामुळे वाढला नाही. तो वाढला रोज दाराशी उभ्या राहणाऱ्या रुग्णांमुळे आणि त्यांच्या खाटेपाशी उभे राहून शिकवणाऱ्या गुरूंमुळे. शीव, नायर, ससून यांची कथा याहून निराळी नाही.

मग जो न्याय परळला, तोच न्याय अमेरिकेतील एखाद्या परगणा रुग्णालयाला का नको? अनेक मोठ्या विद्यापीठ रुग्णालयांत रेसिडेंटच्या वर फेलो असतो आणि फेलोच्या वर तज्ज्ञांची फळी असते. अवघड प्रक्रिया बहुधा वरच्याच्या हाती जाते. सामुदायिक रुग्णालयात रात्री दोन वाजता निर्णय घ्यायला रेसिडेंट आणि त्याचा एक वरिष्ठ एवढेच असतात. तेथे हात लवकर तयार होतो. अर्थात प्रत्येक सामुदायिक रुग्णालय केईएम नसते. काही ठिकाणी रेसिडेंट म्हणजे स्वस्तात मिळालेला मजूर, एवढीच समजूत असते. पण हा दोष प्रकाराचा नव्हे, त्या त्या जागेचा असतो. म्हणून जागा तपासावी लागते, पाटी वाचून भागत नाही.

'संलग्न' या शब्दाचेही तसेच. महाराष्ट्रातील वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. म्हणून पुण्याचे बी.जे. आणि काल उघडलेले एखादे खासगी महाविद्यालय एकाच तोलाचे, असे कोणी म्हणेल काय? अमेरिकेतही एखाद्या संलग्नतेचा अर्थ असा असतो की विद्यापीठाचे अध्यापक येऊन शिकवतात आणि रेसिडेंटला तेथे काही महिने काम करता येते. दुसऱ्या संलग्नतेचा अर्थ कागदाच्या शीर्षावर छापलेले बोधचिन्ह, इतकाच असतो.

पाटी कोसळते तेव्हा

नाव मोठे असले की भवितव्य सुरक्षित, हा दुसरा भ्रम. फिलाडेल्फियातील हानेमान विद्यापीठ रुग्णालयाने २०१९ साली तो पुरता उघडा पाडला. नावातच विद्यापीठ असलेले, ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे हे प्रमुख शिक्षण रुग्णालय. २०१८ च्या आरंभी ते खासगी भांडवलदाराच्या हाती गेले आणि पुढच्याच वर्षीच्या जूनमध्ये दिवाळखोरीसह ते बंद करण्याची घोषणा झाली. पाचशेंहून अधिक रेसिडेंट व फेलो एका उन्हाळ्यात रस्त्यावर आले. त्यांच्या प्रशिक्षणाच्या जागा हीच जणू मालमत्ता आहे असे समजून त्यांचा लिलाव मांडण्यात आला आणि साडेपाच कोटी डॉलरची बोली लागली. केंद्र सरकारने हरकत घेतली आणि तो व्यवहार शेवटी बारगळला. पण ज्यांचा व्हिसा त्या नोकरीशी बांधलेला होता, त्या परदेशी डॉक्टरांनी ते आठवडे कसे काढले असतील याची कल्पना करावी.

या रुग्णालयाशी मराठी माणसाचे एक जुने नाते आहे. आनंदीबाई जोशी ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवीधर झाल्या, ते महाविद्यालय पुढे नाव बदलत याच हानेमानमध्ये विलीन झाले आणि तो वारसा ड्रेक्सेलकडे गेला. आनंदीबाईंचे नाव दीडशे वर्षांकडे वाटचाल करीत टिकून आहे, त्या परंपरेतील रुग्णालयाची पाटी मात्र उतरली. कोणती गोष्ट टिकते याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

म्हणून यादी करताना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. रुग्णालयाची मालकी कोणाची आणि त्याची आर्थिक स्थिती कशी आहे? गेल्या तीन वर्षांत तेथील किती रेसिडेंट तज्ज्ञतेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले? अंतर्गत वैद्यकशास्त्राचे हे आकडे तेथील परीक्षा मंडळ प्रत्येक कार्यक्रमाचे नाव घेऊन प्रसिद्ध करते, ते कोणालाही पाहता येतात. तेथून बाहेर पडलेले डॉक्टर पुढे कोठे गेले? मधूनच सोडून गेलेले किती? परदेशी पदवीधर तेथे आहेत काय, आणि असतील तर त्यांतील कोणाला मुख्य रेसिडेंट केले जाते काय?

एक वर्षाची जागा

विद्यापीठ की सामुदायिक या वादात त्याहून मोठा भेद झाकला जातो. काही जागा 'कॅटेगोरिकल' असतात, म्हणजे अंतर्गत वैद्यकशास्त्राची तीन वर्षे वा शल्यशास्त्राची पाच वर्षे पूर्ण करण्याची हमी देणाऱ्या. काही 'प्रिलिमिनरी' असतात, म्हणजे केवळ एका वर्षाच्या. ज्याला भूलशास्त्र, क्ष-किरणशास्त्र वा त्वचारोग यांतील पुढची जागा आधीच मिळालेली आहे, त्याच्यासाठी असे वर्ष ही पायरी आहे. ज्याच्या हाती पुढचे काहीच नाही, त्याच्यासाठी ती एक वर्षाने संपणारी गल्ली ठरू शकते. शल्यशास्त्रातील अशा जागांवर परदेशी पदवीधर 'पुढे बघू' म्हणून रुजू होतात. वर्षभर राबून पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती आणि डोक्यावर व्हिसाची टांगती तलवार. मोठ्या विद्यापीठातील एका वर्षाची जागा आणि छोट्या गावातील तीन वर्षांची जागा यांत पहिली वर टाकणाऱ्या पालकाने आपण मुलाला काय भेट देत आहोत याचा विचार करावा.

येथे दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. ज्याला संशोधनातच आयुष्य घालवायचे आहे, ज्याचे लक्ष हृदयरोगासारख्या चुरशीच्या फेलोशिपवर आहे, त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयाचा लाभ निश्चित होतो. तेथील गुरूंचे शिफारसपत्र वजनदार असते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण असे ध्येय असलेला उमेदवार ते ध्येय सांगू शकतो. ज्याला विचारल्यावर फक्त नाव सांगता येते, त्याचे ध्येय शेजाऱ्याच्या डोळ्यांत असते.

शिवाय वस्तुस्थितीही ध्यानात घ्यावी. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी सुमारे ५८ टक्क्यांनाच जागा मिळाली. तेथील एम.डी. विद्यार्थ्यांचे प्रमाण ९३ टक्क्यांच्या पुढे होते. चार जागांना 'कमी दर्जाच्या' म्हणून यादीबाहेर ठेवणारा उमेदवार नेमका कोणता धोका पत्करतो, हे या दोन आकड्यांवरून कळावे.

सही कशावर होते?

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भेद. तो व्हिसाचा. अनेक कार्यक्रम परदेशी डॉक्टरांना फक्त जे-१ व्हिसा देऊ करतात, काही एच-१बी देतात. एच-१बीसाठी परवाना परीक्षेचा तिसरा टप्पा आधी उत्तीर्ण व्हावा लागतो. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादण्याची घोषणा अमेरिकी अध्यक्षांनी केली. जे-१ची वाटही निर्धोक नाही. त्याच वर्षी मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबल्या आणि जुलैत रुजू व्हायचे डॉक्टर ताटकळले.

पण जे-१च्या कागदपत्रांत एक ओळ असते, तिची चर्चा घरात होत नाही. मायदेशाच्या सरकारला लिहून द्यावे लागते की या देशाला माझ्या शाखेच्या तज्ज्ञांची गरज आहे आणि प्रशिक्षण संपताच मी परत येईन. शिवाय अमेरिकी कायद्याप्रमाणे दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. २०११ साली भारत सरकारने डॉक्टरांना 'परतण्याचे बंधन नाही' असे प्रमाणपत्र देणे थांबवण्याचा निर्णय घेतला, तो याच पार्श्वभूमीवर. या अटीतून सुटण्याची कायदेशीर वाट अमेरिकेनेच ठेवली आहे. सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने १९९४ पासून चालत आलेल्या योजनेत, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा केली की अट माफ होते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस जागा आहेत. नॉर्थ डाकोटाच्या एखाद्या खेड्यात आजाऱ्याची सेवा करणे हे पुण्याचेच काम आहे, त्याला दोष देता येणार नाही. पण ज्या घरांनी महाराष्ट्रातील एक वर्षाची ग्रामीण सेवा नको म्हणून वर्षानुवर्षे दंड भरला, त्यांच्याच मुलांनी परक्या देशातील खेड्यात तीन वर्षे काढावीत, हा केवढा विरोधाभास! गडचिरोली लांब आणि नॉर्थ डाकोटा जवळ, हे भूगोलाच्या कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

प्रश्न कोणी परत यावे की येऊ नये, एवढाच नाही. सही करताना काय लिहून देतो आहोत हे सही करणाऱ्याला ठाऊक असावे, हा आहे. आनंदीबाईंनी १८८३ साली श्रीरामपूरला जाहीर सभेत सांगितले की देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, म्हणून मी जाते आहे आणि परत येणार आहे. त्यांच्याकडून कोणी कागद लिहून घेतला नव्हता. त्या परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. क्षयाने ती सेवा घडू दिली नाही आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला. शब्द मात्र त्यांनी पाळला होता.

मॅचची गणनपद्धती १९९८ पासून उमेदवाराच्या बाजूने काम करते. ती सुधारणाऱ्या अॅल्विन रॉथ यांना २०१२ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. उमेदवाराने मनापासून जो क्रम लावला तोच त्याच्या हिताचा, चलाखी करून काही मिळत नाही, हा त्या पद्धतीचा गाभा आहे. म्हणजे यंत्र प्रामाणिक आहे. अप्रामाणिकपणा शिरतो तो यादी लिहिणाऱ्या हातातून. तेव्हा यंदा ज्या घरात ही यादी होईल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला पाटी वाचून दाखवू नये. त्याला विचारावे: येथे तुला शिकवणार कोण, तू बरे करणार कोणाला, शेवटपर्यंतची जागा आहे की वर्षाची, आणि कोणत्या कागदावर सही करून तू निघाला आहेस? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की क्रम आपोआप लागतो. मग पाटीवर कोणते नाव आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही.